किंकाळीतला एक शब्द

क्रॅडली हीथ
११ मार्च २०१८

नेव्ह,

नाताळच्या कार्डापलीकडे मी तुला वर्षानुवर्षं काही लिहिलेलं नाही. त्यामुळे पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटलंच असेल की कोणीतरी गेलं. गॉर्डन गेला. फेब्रुवारीच्या अखेरीला. चहा टाकायला म्हणून उठला, स्वयंपाकघराच्या दारात खाली बसला, तो परत उठलाच नाही. तुला फोन केला होता. तू उचलत नाहीस.

पण हे पत्र नुसतं ते कळवायला नाही. त्याच्या अंत्यविधीला जे झालं त्याने मी हादरून गेले आहे, आणि त्याचा जाब विचारायला जगात तू एकटाच उरला आहेस.

निवृत्त झाल्यापासून गॉर्डन दर मंगळवारी एका गायनमंडळात जायचा. टॅम्सिन यार्डली नावाची तिशीतली मुलगी ते चालवते. वाद्यं नाहीत, नुसते गळे. तो खर्जात गायचा. घरी कधी गुणगुणला नाही. मी समजत होते, स्तोत्रं म्हणत असतील. तो गेल्यावर टॅम्सिन घरी आली आणि म्हणाली, "चॅपेलमध्ये आम्ही एक गाणं म्हणू का? गॉर्डनला फार आवडायचं." मी म्हटलं, म्हणा की.

नेव्ह, तीस माणसं उभी राहिली आणि इतक्या हळू आवाजात सुरू झाली की आधी मला वाटलं हीटरच घुमतोय. मग बायकांचा आवाज वर चढला. भट्टी, लाल पहाट, दोर धरून बसलेलं एक मूल. गॉर्डन गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. तिथे आलं. सगळ्यांसमोर, नाक वाहेपर्यंत.

नंतर हॉलमध्ये चहा आणि हॅमची सँडविचेस चालली होती. मी टॅम्सिनचा हात धरून विचारलं, "हे स्तोत्र कुठल्या पुस्तकात मिळेल गं?"

ती गोंधळली. म्हणाली, "हे तुमच्या भावाचं गाणं ना? 'भट्टी'. आम्ही जुनी हेवी मेटल गाणीच घेतो. ढोल-गिटार काढून टाकतो आणि आमच्या पद्धतीने म्हणतो. गॉर्डनने तुम्हाला सांगितलं नाही?"

माझ्या हातातली बशी खाली पडली.

'भट्टी'! ज्या गाण्यापायी आईने भर चॅपेलमध्ये उभं राहून सांगितलं होतं की हा मुलगा माझ्या घरात नाही. ज्याची रेकॉर्ड मिसेस बॅग्नलने मागच्या अंगणात जाळली होती. सैतानाला हाक मारणारं गाणं. ते मी माझ्या नवऱ्याच्या शवपेटीसमोर, त्याच चॅपेलमध्ये म्हणवून घेतलं आणि वर रडले!

मला त्यात सैतान कुठे दिसला नाही. तेव्हा त्यांनी तुझे शब्द बदलले असणार, चॅपेलसाठी धुऊन-पुसून घेतले असणार. तुला हे चालतं का? तू परवानगी दिली होतीस का? टॅम्सिनकडून त्या गाण्याची सीडी घेऊन सोबत पाठवते आहे. ऐक आणि उत्तर दे.

लोरेन


हॅमिल्टन, ऑन्टारियो
२७ मार्च २०१८

लोरी,

गॉर्डनचं वाचून बराच वेळ तसाच बसून राहिलो. आपल्या घरातून मला हाकललं त्या दिवशी आपल्या गल्लीच्या टोकाला उभं राहून माझ्याशी हस्तांदोलन करणारा एकटा तोच होता. तेव्हा तुमचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. चांगला माणूस मिळाला होता तुला. तू एकटी कशी राहतेस, जेवतेस का, हे पुढच्या पत्रात लिही. चेष्टा नाही करत.

आता गाणं. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि अशा गोष्टी मला आता कोणी विचारतही नाही. 'भट्टी' इतक्यांनी गायली आहे की मी नाद सोडला. तोंडाला पांढरा रंग फासलेल्या स्वीडनच्या पोरांनी ती माझ्यापेक्षा दुप्पट वेगात म्हटली. मला वाटलं, त्यांची बस सुटत असेल. टेनेसीतल्या एका बाईने बँजोवर म्हटली, ती खरं तर बरी होती. एका हॉटेलच्या पियानोवाल्याने तिचं असं काही सरबत केलं की ऐकणाऱ्याने ऑलिव्ह तोंडात टाकावं. आणि एकदा तर ओव्हनच्या जाहिरातीत वाजली! ओव्हनच्या, लोरी! मी सोफ्यावरून पडायचाच बाकी होतो. पण एक गोष्ट सगळ्यांची सारखी. सगळे 'डेव्हिल, वर ये' असंच म्हणतात. त्या शब्दावरच ते गाणं विकलं गेलं.

तुझ्या चॅपेलमध्ये गायलेलं मात्र ऐकून धक्का बसला. मिसेस बॅग्नल तिथे होती का? शुद्धीवर आहे ना?

सीडी ऐकली. छान आहे. मागचा ढोल जरा कमी ठेवायला हवा होता, बाकी छान.

तू म्हणतेस शब्द बदललेत. काय बदललंय? जसंच्या तसं लिहून पाठव. घाई कर.

फोनचं काय सांगू, इथली लाइन नेहमी खराब असते. पत्रच बरं.

नेव्ह


क्रॅडली हीथ
९ एप्रिल २०१८

नेव्हिल टिबेट्स,

कुठला ढोल?

त्यात ढोल नाही. गिटार नाही, पियानो नाही, टाळीसुद्धा नाही. मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, नुसते गळे. तू ते पत्रही नीट वाचलं नाहीस आणि सीडी तर पाकिटातून काढलीसुद्धा नाहीस. मी इथे नवऱ्याला पुरून बसले आहे आणि तू मला थापा मारतोस. 'छान आहे' म्हणे! आई म्हणायची, नेव्हला आपल्या सगळ्यांची लाज वाटते. मी तेव्हा तुझी बाजू घ्यायचे, मनातल्या मनात का होईना.

ईस्टरच्या दिवशी तीनदा फोन केला. वाजत राहिला. तुमच्याकडच्या लाइनला सणासुदीलाही बरं नसतं वाटतं.

शब्द हवेत ना तुला? हे घे. टॅम्सिनच्या कागदावरून उतरवलेत.

भट्टी उघडली, लाल पहाट झाली,
कडेवर उभी होती कोणाची सावली?
डॅडा, वर ये.
दोर मी धरलाय, डॅडा, वर ये.
तुझं नाव जळतंय, ते विझू देणार नाही,
डॅडा, वर ये.

'डॅडा' हा शब्द लिहिताना माझा हात थांबला. चॅपेलमध्ये रडण्याच्या नादात तो माझ्या लक्षातच आला नव्हता. आपल्या घराबाहेर वडिलांना डॅडा म्हणणारं कुटुंब मी फारसं पाहिलं नाही. इथे बाकीचे सगळे साधं डॅड म्हणतात. या मुलीला तो शब्द कुठून सुचला? गॉर्डनने सुचवला असेल का? आणि वडील गेलेल्या मुलाने म्हणायचं, तर 'वर ये' कशाला? गेलेला माणूस वर असतो. त्याला खाली ये म्हणतात.

तुझ्या उत्तराची वाट बघत नाही. पण आलं तर वाचेन.

लोरेन


हॅमिल्टन
२३ एप्रिल २०१८

लोरी,

थापा मारल्या, हे खरं. पण तुला वाटतं तशा नाहीत.

मला ऐकू येत नाही. थोडं कमी येतं असं नाही, येतच नाही. आधी डावा कान गेला, मग उजवा. इतकी वर्षं कपाटाएवढ्या स्पीकरसमोर उभा राहिल्यावर आणखी काय होणार? कानाला मशीन लावून पाहिलं, त्यातून नुसता खरखराट येतो. फोन वाजतो तेव्हा कुत्रा माझ्याकडे बघतो, त्यावरून मला कळतं. उचलून काय करू? तुला सांगितलं नाही, कारण मिसेस बॅग्नल म्हणाली असती की देवाने बरोबर जागी हात घातला.

तुझी सीडी मी लावली होती. स्पीकरवर तळहात ठेवून बसलो. काहीतरी घुमत होतं, मला वाटलं ढोल आहे. तो गॉर्डनच्या जोडीदारांचा खर्ज असणार.

आता माझं नीट वाच. त्या मुलीला तो शब्द कोणी सांगितला? मी कोणाला कधी सांगितलेला नाही. तिला म्हणावं, तो काढ आणि 'डेव्हिल' परत घाल. सगळे जसं म्हणतात तसं म्हण. माझं नाव सांग, माझा हुकूम आहे म्हण, काय वाटेल ते म्हण. पण यापुढे ते गाणं त्या शब्दाने कुठेही गायलं जाता कामा नये.

तू त्यावर फार विचार करू नकोस. गाण्यातले शब्द असतात ते, लोरी. यमकासाठी माणूस काहीही लिहितो.

नेव्ह


क्रॅडली हीथ
६ मे २०१८

नेव्ह,

आधी तुझे कान. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग बाहेर जाऊन उगाच कुंड्या हलवल्या. मी फोनवर तुला शिव्या देत होते आणि तिकडे तू कुत्र्याच्या तोंडाकडे बघत होतास. मला माफ कर. गाढवा, सांगायचं होतंस.

तुझा हुकूम घेऊन मी टॅम्सिनकडे गेले. ती घाबरली बिचारी. तिने मला समोर बसवून कॉम्प्युटर उघडला. हल्ली म्हणे जुन्या गाण्यातून एकेक आवाज सुटा करता येतो. ढोल बाजूला, गिटार बाजूला. नवं गाणं बसवायला घेताना ती आधी मूळ गायकाचा नुसता आवाज काढून ऐकते. म्हणाली, "तुम्हीच ऐका."

मी तुझं गाणं तुझ्या आवाजात आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, नेव्ह. तेव्हा ऐकायची बंदीच होती, आणि पुढे हिंमत झाली नाही. तुझा सत्ताविसाव्या वर्षीचा आवाज त्या खोलीत नुसता, एकटा. मागे काहीच नाही. मला वाटायचं तू किंचाळायचास. ते किंचाळणं नव्हतंच. बाजारात हात सुटलेलं पोर ओरडतं ना, तसं होतं ते.

आणि तू 'डेव्हिल' म्हणालाच नव्हतास. एकदाही नाही. स्पष्ट 'डॅडा' आहे. ढोलांच्या गदारोळात पुढचं अक्षर बुडून जातं, आणि लोकांना जे ऐकायचं होतं ते ऐकू आलं. टॅम्सिनची खात्री होत नव्हती, म्हणून तिने मंडळात विचारलं, असा शब्द कोण वापरतं? तेव्हा गॉर्डन म्हणाला, "माझी बायको. ती तिच्या वडिलांना डॅडा म्हणते." ईस्टरच्या कार्यक्रमाला मला घेऊन येणार होता, काही न सांगता. तिथे मला ऐकवणार होता.

म्हणजे जे तू केलंच नाहीस त्यासाठी तुला घराबाहेर काढलं. आणि तू तोंडातून एक शब्द काढला नाहीस. का? आईला सांगायचं होतंस! आईने तुला मिठी मारली असती.

आणि त्यानंतर जे प्रश्न सुरू झाले ते थांबत नाहीत. डॅडा क्रेनचा आकडा लागून गेला. वेल्समधल्या कारखान्यात. आई म्हणाली होती, त्याला काही कळलंसुद्धा नाही. मग गाण्यात भट्टी कशाला? कडेवर सावली कोणाची? आणि वर ये, वर ये, कुठून वर ये? तो टेकडीवरच्या दफनभूमीत आहे. मी महिन्यातून एकदा फुलं घेऊन जाते.

यमकासाठी, असं मला परत सांगू नकोस. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे.

लोरी


हॅमिल्टन
१७ जून २०१८

लोरी,

सहा आठवडे मी हे पत्र लिहितोय आणि फाडतोय. आईला वचन दिलं होतं. पण आई नाही, आणि आता त्या मुलीच्या मशीनने अर्धं सांगूनच टाकलंय. उरलेलं अर्धं तू स्वतः जुळवत बसण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. बसून वाच.

डॅडाला क्रेनचा आकडा लागला, हे खरं. पण आकड्याने तो मेला नाही. तो भट्टीच्या कडेच्या फळीवर उभा होता. आकड्याने त्याला ढकललं. खाली पोलादाच्या रसाने भरलेली कढई होती. घराएवढी.

तार आली तेव्हा तुला शेजारी ठेवून आई मला घेऊन वेल्सला गेली. मी चौदा वर्षांचा. तिथे टोप्या हातात धरून माणसं ओळीने उभी होती, कोणी वर बघत नव्हतं. आई म्हणाली, "मला त्याला बघू दे." मॅनेजर नुसता घसा खाकरत राहिला. मग एक म्हातारा मुकादम पुढे आला. म्हणाला, "बाई, बघायला काही नाही." त्या लोकांनी त्या कढईतलं पोलाद विकायला दिलं नव्हतं. बाजूला ओतलं, आणि त्यातला एक तुकडा कापून घेतला. माणसाच्या वजनाचा. तोच पेटीत ठेवला.

टेकडीवर तू ज्याला फुलं नेतेस ते पोलाद आहे, लोरी.

येताना गाडीत, वूस्टर स्टेशन आलं तेव्हा, आई एवढंच म्हणाली, "लोरी पाच वर्षांची आहे. तिला जायला एक थडगं हवं. आत काय आहे ते तुला आणि मला माहीत. पुरे." वेल्समध्ये घडलेलं, आपल्या गावात कोणाला ठाऊक नव्हतं. मी हो म्हटलं.

आणि हो म्हटल्यावर मी तेरा वर्षं पाळलं. बँडमध्ये मी कधी वडिलांबद्दल बोललो नाही. मग एकदा तालमीत पोरांनी एक चाल काढली, जड, घणाचे घाव पडावेत तशी, आणि माझ्याकडे शब्द नव्हते. ढोलाच्या वर आवाज जावा म्हणून मी नुसता ओरडलो आणि तोंडातून ते बाहेर पडलं. मला वाटलं, या गोंगाटात कोणाला कळणार आहे? खरंच कोणाला कळलं नाही. पेपरवाल्याने 'डेव्हिल' छापलं आणि गाव पेटलं.

मी आईला खरं सांगायला घरी आलो. तू शाळेत होतीस. ती स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "तू डॅडाला हाक मारतोयस. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं मला."

मी म्हटलं, "मग सांग की सगळ्यांना!"

"आणि लोरीने विचारलं, कुठून वर ये? तर काय सांगू?"

तिने पुढची शेंग फोडली.

"सैतान म्हणतात ना, म्हणू दे. सैतानाला कोणी पत्ता विचारत नाही."

रविवारी ती चॅपेलमध्ये उभी राहिली आणि जे बोलली ते तू ऐकलंस. तिने अर्धवट काही केलं नाही. संशयाला जागा ठेवायची नव्हती. मला गल्लीतून जाऊ दिलं, पण मागच्या वाटेने बसथांब्यावर आली. हातात सँडविचेसची पिशवी. म्हणाली, "तिकडे थंडी असेल, गळा झाक." दोघांनाही ठाऊक होतं की आता परत येता येणार नाही.

तिच्यावर रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावर रागाव. कशी आहेस ते लिही, दोन ओळी तरी.

नेव्ह


क्रॅडली हीथ
२९ जून २०१८

पत्र मिळालं.

आत्ता काही लिहिता येत नाही.

लो.


क्रॅडली हीथ
१२ ऑगस्ट २०१८

नेव्ह,

मला वेळ लागला. त्यातले बरेच दिवस मी काय केलं, मला सांगता येणार नाही. जेवत होते, एवढं खरं. शेजारीण वाटाणे आणि खिम्याचे गोळे आणून ठेवायची.

ते वाचल्यावर आधी राग आला, आणि असा राग मला कधी आला नव्हता. मी टेकडीवर गेले. आई त्याच्या शेजारीच आहे, तुला माहीत आहे. मी तिच्याशी मोठमोठ्याने भांडले. तिथे गवत कापणारा माणूस मशीन बंद करून निघून गेला. मी म्हटलं, मला थडगं दिलंस आणि त्याच्या बदल्यात भाऊ घेतलास, मला कोणी विचारलं होतं? मला एकदा तरी मोठी होऊ द्यायची होती. तुम्ही दोघांनी मला आयुष्यभर पाच वर्षांचीच ठेवलं.

तुझ्यावरही राग आहे. तो लगेच जाईल असं समजू नकोस.

पेटी नेताना खांदेकरी सारखे थांबत होते, एवढं मला आठवतं. कोणीतरी म्हणालं, फार जड आहे. मी त्या माणसाला अभिमानाने सांगितलं होतं, आमचा डॅडा धिप्पाड आहे. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आता कळतं.

भांडून झाल्यावर मी डॅडाकडे वळले आणि मला एकाएकी सुचेना, कोणाशी बोलू. मग वाटलं, तो दुसरीकडे कुठे आहे? नाहीच. जो काही उरला तो इथेच आहे, या मातीखाली, त्या तुकड्यात. बाकीच्यांच्या पेट्यांत आता काय उरलं असेल? आपला मात्र जसाच्या तसा आहे. हे लिहिताना हसू आलं मला, आणि मग हसू आलं म्हणून भीती वाटली.

त्यानंतरच्या रविवारी मी चॅपेलमध्ये उभी राहिले. जिथे आई उभी राहिली होती, तिथेच. मी सगळं सांगितलं. कढई, मुकादम, पेटी, तू, बसथांबा. आईला वाचवलं नाही आणि बदनामही केलं नाही. जे झालं ते सांगितलं. पास्टरच्या हातातलं पुस्तक उघडंच राहिलं.

मिसेस बॅग्नल आता चाकाच्या खुर्चीत असते. तिने हात वर केला, वर्गातल्या मुलीसारखा. म्हणाली, "लोरेन, मग मी जाळलं ते काय होतं?"

मी म्हटलं, "माझे वडील, मिसेस बॅग्नल. माझा भाऊ त्यांना हाक मारत होता."

तिचा चेहरा, नेव्ह! मला वाटलं होतं, तिला सुनावल्यावर मला बरं वाटेल. नाही वाटलं. मी जाऊन तिचा हात धरला, कारण दुसरं कोणी धरत नव्हतं.

आता ऐक. टॅम्सिन ते गाणं सप्टेंबरच्या शेवटी आमच्या जुन्या सभागृहात घेणार आहे. शब्द 'डॅडा'च राहील. तुझा हुकूम मी फेटाळला आहे. शेवटची जी मोठी हाक आहे ती कोणालाही जमत नाही म्हणून ती मंडळी आतापर्यंत तिथे नुसती गप्प राहायची. ती जागा रिकामी आहे. ती तू म्हणावीस असं टॅम्सिन म्हणते. आणि मीही म्हणते. तुझी खोली आवरून ठेवली आहे.

लोरी


हॅमिल्टन
२ सप्टेंबर २०१८

लोरी,

तिकीट काढलंय. कुत्रा शेजाऱ्यांकडे राहील, तो माझ्यावर नाराज आहे.

चॅपेलमध्ये तू उभी राहिलीस, हे मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. मी सगळं सोसलं होतं, पण हे सोसेना. बाहेर अंगणात जाऊन बसलो.

पण गाण्याचं मला जमणार नाही. खोटं नाही बोलत. वर्षानुवर्षं मी माझा स्वतःचा आवाज ऐकलेला नाही. दुकानात बोलतो तेव्हा लोक दचकतात किंवा पुढे वाकतात, त्यावरून मोठा की लहान ते कळतं. सूर लागला की नाही, मला समजणार नाही. ती तीस माणसं इतक्या नाजूकपणे म्हणणार आणि मध्येच मी गुरासारखा ओरडणार. तुझी त्या गावात शोभा होईल, आणि तुला तिथेच राहायचं आहे.

तरीही करायचंच असलं, तर एक कर. तू पहिल्या रांगेत बस, माझ्या बरोबर समोर. मी तुझ्याकडेच बघेन. माझा आवाज फार मोठा झाला, भेसूर झाला, लोकांना सहन होईना, की तू हात वर कर. मी तिथल्या तिथे थांबेन. वाईट वाटून घेणार नाही.

हो म्हण, म्हणजे मी बॅग भरतो.

नेव्ह


क्रॅडली हीथ
१० सप्टेंबर २०१८

नेव्ह,

बॅग भर. जाड कोट घे, सभागृहाचा हीटर बंद पडलाय.

पहिल्या रांगेत मी बसेन, तुझ्या बरोबर समोर. मिसेस बॅग्नललाही शेजारी आणते आहे, तिनेच सांगितलं. तू माझ्याकडे बघ, दुसरीकडे कुठेही नको.

तू कितीही मोठ्याने ओरड. छप्पर उडालं तरी चालेल, भेसूर झालं तरी चालेल, लोक उठून गेले तर जाऊ देत.

मी हात वर करणार नाही.

लोरी